पंप मालकाचा, पाठ सुभानची

माझ्या दुकानात पंप घेऊन येणारा माणूस आणि तो पंप पाठीवर घेऊन शेतात फिरणारा माणूस एकच आहे, असं सावद्याच्या बस स्टँडजवळ इतकी वर्षं दुकान चालवूनही मी क्वचितच पाहिलं. पंप आणायचा मालक. मोटरसायकलवर आडवा टाकून आणायचा, काउंटरवर आपटायचा आणि म्हणायचा, "मिस्त्री, बरोबर चालत नही. पाह्य जरा." बरोबर चालत नाही म्हणजे नेमकं काय, हे त्याला सांगता यायचं नाही, कारण चालवणारा दुसराच. मी म्हणायचो, "चालवतो त्याला पाठवा." मग दुसऱ्या दिवशी एखादा मजूर पायरीशी चपला काढून उभा राहायचा. त्याला फारसं विचारावं लागायचं नाही. त्याने पाठ फिरवली की सदऱ्यावरच्या डागावरूनच कळायचं, पंप कुठे गळतोय ते.

मी फवारणीचे पंप दुरुस्त करायचो. गुडघ्यांनी ऐकणं सोडलं म्हणून गेल्या वर्षी दुकान बंद केलं, पण अजूनही कोणी बोलावलं की पिशवीत पाने-पक्कड घालून जातो. शहरातल्या वाचकांनी हा पंप पाहिला नसेल. दप्तरासारखी पाठीला अडकवायची प्लास्टिकची टाकी असते. तिच्यात पाणी आणि औषध. डाव्या हाताने दांडा वरखाली केला की आत दाब तयार होतो आणि उजव्या हातातल्या नळीच्या टोकाच्या नोझलमधून फवारा उडतो. पुढे बॅटरीचे पंप आले, डावा हात सुटला. टाकी मात्र पाठीवरच राहिली. आणि औषध म्हणजे विष. आमच्याकडे विषाला औषधच म्हणतात. मीही आयुष्यभर तेच म्हणत आलो, त्यामुळे इथेही तोच शब्द येईल. वाचणाऱ्यांनी मनात दुरुस्ती करून घ्यावी.

पंप गळतो तो मुख्यत्वे दोन ठिकाणी. झाकणाखालचं वायसर, म्हणजे रबरी चकती, झिजलं की औषध मानेवर येतं. टाकीला तळाशी चीर गेली की कमरेवर. वायसर ही मामुली वस्तू, चहाच्या भावात मिळणारी. पण पंप बंद पडला तरच मालक यायचा. गळतो म्हणून आलेले मालक माझ्या आठवणीत फार थोडे. त्यांतले एक जळगावजवळच्या असोद्याचे आबा. त्यांच्याकडे वडिलांच्या वेळचा पितळी पंप होता, देवघरातल्या समईसारखा घासलेला. फवारणी ते स्वतः करायचे, म्हणून इतक्या लांबून बस धरून वायसर बदलायला माझ्याकडे यायचे. दुसऱ्या टोकाला एक गृहस्थ होते. त्यांना नोझलचं भोक मोठं करून हवं होतं. मजुराचं काम लवकर उरकेल, असा त्यांचा हिशेब. मी म्हटलं, "मोठे थेंब पानावरून घरंगळतील, औषध जाईल मातीत." तर म्हणाले, "मग त्याला चालायला सांगतो भराभर." त्यांना मी हात जोडले.

सुभान तडवी माझ्याकडे यायचा तो यशवंतनानांचा पंप घेऊन. नानांचं नाव मी बदललं आहे. सुभान आणि त्याची बायको जैतून यांची नावंही खरी नाहीत. सातपुड्याच्या पायथ्याशी त्यांचं गाव आहे, त्याचं नाव लिहितच नाही, कारण त्या गावातल्या माणसांना उद्याही याच शेतांवर काम मागायला यायचं आहे. घरची थोडी जमीन होती, डोंगराच्या उतारावरची, पावसाच्या पाण्यावर ज्वारी-तूर देणारी. उन्हाळ्यात मोहाची फुलं आणि डिंक. बाकी सगळी मजुरी. सुभान नानांच्या कापसावर फवारणी करायचा, आणि जैतून त्याच कापसात बायांची टोळी घेऊन निंदणीला यायची. निंदणी म्हणजे पिकातलं गवत हाताने, विळ्याने काढणं. पावसाळ्यात पायथ्याच्या गावांतून रोज सकाळी पिकअप गाड्या भरून बाया खाली उतरायच्या. जैतूनच्या टोळीचा आवाज माझ्या दुकानात बसून ओळखू यायचा. गाडी बस स्टँडवरून वळताना कोणी ना कोणी मला हाक मारायचंच.

एका पावसाळ्याच्या तोंडावर, बाजारच्या दिवशी, नवरा-बायको दोघं दुकानात आले. सुभान म्हणाला, "नानायनं पंख्याचं नोझल मांगलं."

मी काढून दिलं. साध्या नोझलमधून गोल फवारा उडतो, यातून हातपंख्यासारखा चपटा उडतो. जैतूनने ते हातात घेऊन पाहिलं.

"हे काहाचं व्हय, मिस्त्रीभाऊ?"

"गवत मारायच्या औषधाचं."

"गवत औषधानं मारता? मंग आमी काय मारू, माश्या?"

बाहेर थांबलेल्या बाया हसल्या, तीही हसली. मग नोझल काउंटरवर ठेवून तिने हळूच विचारलं, "खरंच मरते काय गवत?"

"मरतं. पिवळं पडतं अन् वाळून जातं."

"बठ्ठं?"

"बठ्ठं. सगळंच."

"अन् हे मारीन कोण?"

सुभान खाली बघत म्हणाला, "मीच."

तिने नोझल त्याच्या हातात दिलं आणि बाजाराकडे निघून गेली.

त्या पावसाळ्यात पिकअप गाड्या कमी झाल्या. पुढच्या पावसाळ्यात जैतूनची गाडी यायची पूर्ण थांबली. जे काम चाळीस बाया आठवडाभर वाकून करायच्या, ते आता सुभान आणि आणखी एकजण दोन-तीन दिवसांत उरकत होते. नवऱ्याच्या पाठीवर गवताच्या औषधाचा पंप चढला आणि बायकोच्या हातातलं काम गेलं, हे माझ्यासमोर एकाच घरात घडलं. आणि गंमत बघा, त्याच दिवसांत माझ्या दुकानात बसून चहा पिणारे शेतकरी एकमेकांना सांगायचे, "मजूरच मिळत नाहीत हो आता." वर्तमानपत्रातही तेच छापून यायचं. औषधाच्या डब्याच्या जाहिरातीतही तेच. मजूर मिळत नाहीत!

त्याच पावसाळ्यात, ऐन निंदणीच्या दिवसांत, मी सुभानच्या गावात गेलो होतो. गावच्या पाण्याची मोटर बिघडली होती, म्हणून बोलावणं आलं होतं. बघतो तर भर दुपारी सगळ्या बाया घरी. एरवी आषाढ-श्रावणात त्या गावात म्हातारी माणसं आणि कोंबड्या एवढंच असायचं. मी एका म्हातारीला विचारलं, "अक्का, कामाला नाही गेल्या?" ती म्हणाली, "गेलो असतो बापा. पन औंदा गवतालेच आमची गरज नही राह्यली."

त्या वर्षी दिवाळीच्या आधीच टोळी गुजरातेत कापूस वेचायला गेली. जैतूनची थोरली मुलगी नववीत होती. आईबरोबर तीही गेली. परत आली तेव्हा तिच्या वर्गातल्या मुली नववीची परीक्षा देऊन दहावीत गेल्या होत्या. ती पुन्हा शाळेत गेली नाही.

हे कोणाच्या नफ्या-तोट्याच्या गणितात नाही. मी मशिनचा माणूस आहे. मशिन वाईट असतं, असं मी कधी म्हणणार नाही. दिवसभर चिखलात कंबरेत वाकणं काही सुखाचं नव्हतं, जैतूनही तसं म्हणणार नाही. पण एखादं काम हलकं करणं वेगळं आणि माणूसच काढून टाकून वर 'माणूस मिळत नाही' म्हणून ओरडणं वेगळं. त्या ओरडण्याचा मला राग यायचा. अजूनही येतो.

आता सुभानच्या पाठीचं सांगतो.

नानांच्या बॅटरीच्या पंपाला तळाशी चीर गेली होती. सुभान तो घेऊन आला तेव्हा मी पाहिली. टाकी बदलण्याशिवाय इलाज नव्हता. प्लास्टिकला डिंक लावून चालत नाही, औषध त्याला खाऊन टाकतं. मी नानांना फोन केला. नाना म्हणाले, "अरे, एवढी फवारणी होऊन जाऊ दे. मंग टाकीच काय, पंपच नवा घेऊ." नाना काही दुष्ट माणूस नव्हेत. गावात कोणाचं लग्न अडलं तर धावणारे. पण गळक्या टाकीचा ओलावा त्यांच्या पाठीपर्यंत पोचत नव्हता.

सुभानने त्यावर स्वतःचा इलाज काढला. युरियाच्या रिकाम्या गोणीचा तुकडा कापून सदऱ्याच्या आत कमरेला बांधला. मी त्याला म्हटलं, "सुभान, हे थांबव. या पंपाने मारू नको." तो म्हणाला, "नही म्हनलं तं दुसरा उभा शे ना, भाऊ. त्याच्या कमरेले तं गोनीबी राहनार नही." त्याची आई धुळ्याकडची, तिच्या अहिराणीतला 'शे' त्याच्या बोलण्यात मध्येच यायचा.

पोळा झाला आणि उघडीप पडली. कापूस डोक्याएवढा वाढलेला. अशा कापसात वारा शिरत नाही, आत भट्टीसारखं उकडतं. घामाने चामडीची भोकं उघडी, वरून फवारा तोंडावर, मागून चीर गळतेय. तिसऱ्या प्रहरी सुभान ओळीत पडला. शेजारच्या ओळीतल्या माणसाला पंपाची घरघर एकाच जागी ऐकू यायला लागली, म्हणून तो बघायला गेला. तोंडाला फेस, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक झालेल्या. पिकअपमध्ये घालून त्याला जळगावला नेलं.

मला हे दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या टपरीवर पिकअपवाल्याकडून कळलं. दुकान उघडतो तोच नानांचा पुतण्या आला. पंप काउंटरवर ठेवून म्हणाला, "मिस्त्री, टाकी बदलून द्या. आत्ताच पाहिजे. अन् जुनी टाकी इथे ठेवू नका, भंगारात टाकून द्या."

मी विचारलं, "सुभान कसा आहे?"

"तो? औषध पिला ना तो. बायकोशी भांडन झालं अशीन."

मी पंपाला हात लावला नाही. त्याला म्हटलं, राहू दे इथे, बघतो. तो गेला. पंप तसाच काउंटरवर. इतके दिवस मी ज्या टाकीसाठी मागे लागलो होतो, ती आज तासाभरात हवी होती.

दुपारी नाना स्वतः आले.

"प्रल्हाद, टाकी का नही बदलली?"

"नाना, सुभान शुद्धीवर येऊ द्या."

"त्याचा अन् टाकीचा काय संबंध? पिला तो. बठ्ठं गाव म्हनू राह्यलं."

"मग बदलायची घाई कशाची?"

नाना स्टूल ओढून माझ्याजवळ बसले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "तू दुकान कोनाच्या जिवावर चालवतो रे? शेतकऱ्यायच्याच ना?"

"हो नाना."

"मंग?"

मी म्हणालो, "पंप मी देणार नाही." नाना उठले, बाहेर जाऊन मोटरसायकलला किक मारली आणि माझ्याकडे न बघता निघून गेले.

मी पंप प्लास्टिकच्या कागदात गुंडाळला, गोणीत घातला आणि जळगावची बस धरली. कंडक्टरने वासावरून ओळखलं, शेवटच्या सीटखाली ठेवायला लावलं. दवाखान्यात जैतून वॉर्डच्या दाराशी फरशीवर बसली होती. मला पाहून उठली.

"मिस्त्रीभाऊ, सारे म्हनू राह्यले का तो पिला. त्याच्या तोंडाले वास नही. वास तं पाठीले येऊ राह्यला!"

वॉर्डात एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. त्यांना मी काही सांगायच्या आधीच त्या म्हणाल्या, "पाठ बघितली तेव्हाच मला कळलं होतं. कपडे काढून आधी अंग धुतलं म्हणून वाचायची आशा आहे. पंप कुठे आहे, एवढंच मी सकाळपासून विचारतेय." जबाब घ्यायला आलेले हवालदारही तिथेच होते. बाहेर नळाजवळ मी हातांना प्लास्टिकच्या पिशव्या बांधून टाकी उघडली, पाणी भरलं आणि तळाखाली कोरडं पोतेरं धरलं. बघता बघता ते पिळून काढावं इतकं ओलं झालं. जैतून त्या पोतेऱ्याकडे बघत उभी होती. ती रडली नाही. हवालदारांना म्हणाली, "पाह्यलं ना साहेब? आता लिव्हा. भांडन झालं म्हनून नका लिव्हू. आमचं भांडन रोजच होते."

सुभान वाचला. 'पिला' हा शब्द मागे घेतला गेला. पण त्यापलीकडे काही झालं नाही. नाना मोसंबी घेऊन दवाखान्यात गेले, गावातली चार माणसं मध्ये पडली, समेट झाला. तो कोणी घडवला आणि सुभानला त्यातून काय मिळालं, ते मला कोणी सांगितलं नाही आणि मी विचारलंही नाही. त्या हंगामात मोठ्या बागायतदारांपैकी कोणी माझ्या दुकानाची पायरी चढलं नाही. सुभानचे हात त्यानंतर थरथरतात. सुईत दोरा जात नाही, पेला धरला की पाणी हिंदकळतं. आता तो गावातल्या शेळ्या डोंगरावर चारायला नेतो.

पुढच्या वर्षी ड्रोन आला.

नानांच्या शेतात मांडव घातला होता. सावद्याच्या आसपासच्या सगळ्या गावांतले शेतकरी जमले होते. मलाही निमंत्रण होतं, बहुधा झालं गेलं विसरलो हे दाखवायला. सहा पंख्यांचं ते यंत्र आभाळात चढलं आणि कापसावरून सरळ ओळीत फवारत गेलं, तेव्हा खोटं कशाला बोलू, माझ्याही तोंडून 'वा' निघालं. कुठे वायसर नाही, पट्टा नाही, खाली कोणाची पाठ नाही.

आणि मग मी पाहिलं, पहिल्या रांगेत खुर्चीवर सुभानला बसवलं होतं. डोक्यावर कंपनीची टोपी, गळ्यात शाल, मांडीवर नारळ. ड्रोन विकणाऱ्या कंपनीचे साहेब माइकवर बोलायला लागले. त्यांनी सुभानकडे हात करून सांगितलं, "आपल्या या बांधवाला काय भोगावं लागलं, आपण सर्व जाणता. यापुढे एकाही मजुराच्या पाठीवर विष जाणार नाही!" टाळ्या. नानांनीही वाजवल्या. सुभान नारळ सांभाळत होता, थरथरत्या हातातून तो निसटत होता.

पंप गळत होता तेव्हा त्या पाठीकडे कोणी पाहिलं नव्हतं. तो पडला तेव्हा ती पाठ झाकायची घाई झाली होती. आणि आता यंत्र खपवायचं होतं, तर तीच पाठ मांडवात आणून बसवली होती. एवढा संताप मला दवाखान्यातही आला नव्हता.

साहेबांनी विचारलं, कोणाला काही शंका? मागे बायांमधून जैतून उभी राहिली.

"साहेब, हे मशिन किती मानसायचं काम करीन?"

साहेबांना प्रश्न आवडला. "ताई, दिवसाला वीस-पंचवीस माणसांचं काम सहज!"

पुन्हा टाळ्या.

"मंग ते वीस-पंचवीस मानसं आठीच, तुमच्यासमोर, बसेल आहेत. हे पाहा. त्यायले काय सांगता?"

साहेब घोटभर पाणी प्यायले. "ताई, नव्या तंत्रज्ञानातून नवे रोजगार येतात. ड्रोन चालवायचं प्रशिक्षण आहे. मुलीसुद्धा शिकतात. फक्त दहावी पास पाहिजे."

जैतून म्हणाली, "माही पोरगी नववीत होती, साहेब. तुमचं गवताचं औषध आलं तव्हा शाया सुटली तिची."

ती खाली बसली. साहेबांनी आभारप्रदर्शन लवकर उरकायला सांगितलं. जेवणात पुरी आणि बासुंदी होती. सुभान शाल घडी करून हातात घेऊन पंगतीच्या शेवटी बसला होता.

यानंतरचं मी यंदाच्या पावसाळ्यात पाहिलं. दुकान तर बंद झालं होतं, पण एका सकाळी नानांच्या पुतण्याचा फोन आला. ड्रोनची नोझलं तुंबली होती आणि कंपनीचा माणूस दोन दिवस येणार नव्हता. नोझल शेवटी नोझलच, आभाळात असो की हातात. मी गेलो.

ड्रोन बांधावर उतरवलेला होता. तो उडवणारा तिशीतला माणूस, त्याला सगळे पायलट म्हणतात, दूर लिंबाखाली उभा. अंगात पूर्ण झगा, तोंडाला मास्क, डोळ्यांना चष्मा, हातात कोपरापर्यंत हातमोजे. आणि ड्रोनजवळ, औषधाच्या डब्यांच्या आणि पाण्याच्या ड्रमच्या मध्ये, जैतून. ड्रमात काठीने औषध घोळत होती. दोन्ही हात उघडे, कोपरापर्यंत ओले.

आभाळातून फवारा पडतो, हे मांडवात सर्वांनी पाहिलं होतं. तो फवारा जमिनीवर कोण कालवतं, हे कोणी दाखवलं नव्हतं. शिवाय ड्रोनला वजन झेपत नाही, म्हणून त्यात पाणी थोडं घालतात. पाठीवरच्या पंपात जे औषध भरपूर पाण्यात पातळ व्हायचं, ते इथे कितीतरी दाट असतं. उडवणारा लांब उभा राहतो. घोळणारा त्यात हात घालतो. 'एकाही मजुराच्या पाठीवर विष नाही' हे शब्दशः खरं होतं. हाताबद्दल साहेब काही बोलले नव्हते.

मी नोझलं काढून धुतली, बसवली. मग जैतूनला म्हटलं, "बाई, हे पंपातल्यापेक्षा लई दाट आहे. सुभानच्या टाकीत होतं त्यापेक्षा कितीतरी जास्त. हातमोजे कुठे आहेत?"

"कोनं देले?" ती म्हणाली. मग तिने आपल्या हातांकडे पाहिलं. काठी बाहेर काढली, आडवी ठेवली. डब्याचं झाकण घट्ट लावलं. मोटरीवर जाऊन साबणाने हात धुतले, पुन्हा पुन्हा धुतले. परत आली, ड्रमवर झाकण टाकलं आणि त्यावर बसली.

पुतण्या धावत आला. "अगं, बसली काय? उठ. वारा सुटला की उडवता येत नही."

"सुटू दे वारा."

"काय पाहिजे तुले?"

"त्याच्या हातात जे आहे ते." तिने लिंबाकडे बोट केलं. "त्याले चष्मा, त्याले झगा, त्याले हातमोजे, अन् तो तठी सावलीत. मी औषधात कोपरापर्यंत, अन् मले काही नही? माहा मानूस पाठीनं गेला. मी हातानं जाऊ?"

पायलट जवळ आला होता. तोही पोटासाठी राबणारा माणूस, आमच्याच भागातला. म्हणाला, "बरोबर बोलतात त्या. पण कंपनीने मला एकच जोड दिलाय."

पुतण्या म्हणाला, "बाई, तुले नसीन जमत तं दुसरी आनतो."

"आन ना. ती येईपर्यंत तूच घोळ." तिने काठी त्याच्यापुढे धरली.

त्याने काठीकडे पाहिलं. काठीला औषध लागलेलं होतं. त्याने हात पुढे केला नाही. इकडे-तिकडे पाहिलं, मग मोटरसायकल काढली आणि सावद्याच्या रस्त्याला लागला.

आम्ही तिघं बसून राहिलो. लाखमोलाचं ते यंत्र पंखे मिटून बांधावर पडलं होतं, आणि एका बाईने हात घालायला नाही म्हटलं म्हणून जमिनीवरून उठू शकत नव्हतं. पायलटने चष्मा कपाळावर चढवला आणि जैतूनला बिस्किटाचा पुडा दिला. तिने आधी हात पुन्हा एकदा धुतले, मग पुडा घेतला.

पुतण्या सावद्याहून परतला. हातमोजे आले, मास्क आला. हातमोजे तिच्या हातांना ढगळ होत होते. तिने मनगटाला सुतळी बांधून घेतली, काठी उचलली आणि म्हणाली, "चला, आता उडवा तुमचं पाखरू."

ही गोष्ट इथे संपवली असती तर मलाही बरं वाटलं असतं. पण पुढच्या फवारणीला नानांनी जैतूनला बोलावलं नाही. 'भांडखोर बाई' म्हणून तिचं नाव आजूबाजूच्या शेतांवरही गेलं. मी नानांना बाजारात गाठलं, विचारलं. ते म्हणाले, "प्रल्हाद, काम करनारी बाई पाहिजे, पुढारी नही." मी त्यांना भर बाजारात काय बोललो ते इथे छापता येणार नाही. त्यानंतर आमचं बोलणं बंद आहे. जैतून सध्या गुजरातेत आहे, कापूस वेचायला. तिकडेही वेचणीचं यंत्र येणार असल्याचं ऐकतो.

तिच्या जागी नानांनी त्याच गावची नाथीबाई नेली. विधवा बाई, कधी कोणापुढे तोंड उघडलं नाही, म्हणूनच तिला निवडलं. मला तिची काळजी वाटत होती. गेल्या आठवड्यात पायलट रस्त्यात भेटला, तेव्हा मी विचारलं, "काय रे, नवी बाई कशी आहे? काही बोलते का?"

तो म्हणाला, "नाही मिस्त्री, एक शब्द नाही. आली, ड्रमवर झाकण टाकलं, त्याच्यावर बसली, अन् दोन्ही हात पुढे केले."